बेला पूर्णामधलं चूलबंद आवतन

हॉटेलातल्या एका टेबलासाठी सिद्धोधनबाबूंनी रीतसर अर्ज केला, आणि तोही कार्बन घालून तीन प्रतींत. एक प्रत हॉटेलमालकाला, एक स्वतःच्या फायलीला आणि एक 'असू द्यावी जवळ' म्हणून. पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? ज्यांनी आंब्याची करंडीसुद्धा कधी पावतीशिवाय हलू दिली नाही, ते बायकोला जेवायला न्यायचा बेत तोंडी कसा करतील? अर्जाचा विषय होता, 'दोन व्यक्तींकरिता खिडकीजवळील टेबल मिळणेबाबत'.

हॉटेल म्हणजे 'बेला पूर्णा'. खताच्या एका बंद पडलेल्या दुकानात सहा टेबलं मांडून प्रीतमने ते दोन वर्षांपूर्वी काढलं. प्रीतम आठ वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता. तिथे इटालियन पदार्थ शिकला आणि बायकोने 'आता पाण्यावरचा संसार पुरे' म्हटल्यावर गावी परतला. ही बेला कोण, याची गावात बरेच दिवस दबक्या आवाजात चौकशी चालली होती, कारण प्रीतमच्या बायकोचं नाव दैवशाला. शेवटी दैवशालानेच एका गिऱ्हाइकाला सुनावलं, "बेला म्हंजे तिकडं सुंदर. कळलं का? आता गप पिझ्झा खावा." तेव्हापासून चौकशी थांबली. लाल चौकटीचे टेबलक्लॉथ, भिंतीवर पाण्यात बांधलेल्या एका गावाचं मोठं चित्र, आणि वीटभट्टीवाल्याकडून बांधून घेतलेली भट्टी. पास्त्याचं पीठ दैवशाला आदल्या दिवशी स्वतः मळते, लाटते आणि सुरीने कापून वाळत घालते. जेवढी माणसं सांगितली तेवढंच पीठ, हा तिचा नियम. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर या अर्जामागे कारण होतं. बाबूंची बायको पंचफुलाबाई एकतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. लेकरांची खिचडी शिजवायची, त्यांना हात धुवायला लावायचे, वाढायचं, भांडी घासायची. त्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ झाला, भाषणं झाली, लेकरांनी गाणी म्हटली, आणि त्या समारंभाचे पोहे पंचफुलाबाईंनीच केले. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्याही आलं नाही.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. एका संध्याकाळी नवराबायको बाजारातून परत येत होते. बेला पूर्णाच्या काचेसमोर पंचफुलाबाई थांबल्या. आत एक बाई बसली होती आणि प्रीतम हातात वही घेऊन तिच्याशेजारी वाकून उभा होता.

"आवो, बघा की," त्या म्हणाल्या, "त्यो तिला इचारायलाय, काय खाणार म्हणून."

"मग? हॉटेलात इचारतातच."

"हां, तेबी खरंच." दोन पावलं चालून त्या पुन्हा म्हणाल्या, "मला कुणी इचारलं न्हाई कधी. तसं काई न्हाई, आपलं बोलले."

आपलं बोलले म्हणून त्या मोकळ्या झाल्या, पण बाबूंच्या डोक्यात ते बसलं. घरी पोचेपर्यंत त्यांनी हिशेब लावला. अडतीस वर्षांच्या संसारात 'काय केलंय?' हे त्यांनी रोज विचारलं होतं. 'काय खाणार?' एकदाही नाही. एखाद्याचं पार्सल येऊन पडावं आणि आपण त्याला कळवूच नये, तशी ती चूक होती. आणि पार्सल ऑफिसात त्यांनी असली चूक कधी केली नव्हती.

म्हणून तो अर्ज. रविवारी दुपारी पंचफुलाबाई खिडकीशी बसतील, कुणीतरी त्यांना विचारेल, त्या सांगतील, आणि ताटात गरम आलेलं अन्न मधे एकदाही न उठता खातील. बास, एवढंच. अर्जाच्या तळाशी बाबूंनी 'विशेष सूचना' म्हणून लिहिलं: 'ऑर्डर प्रथम सौ. पंचफुला यांस विचारण्यात यावी.' त्याखाली, प्रीतमने ऐनवेळी टाळाटाळ करू नये म्हणून, आणखी एक कलम: 'संख्येतील कोणताही बदल नंतर ग्राह्य धरला जाणार नाही.' प्रीतमने हसत हसत तिन्ही प्रतींवर सह्या केल्या.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण शेजारी दत्तराव होते. दत्तरावांची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घराचं काय दळलं जातंय आणि काय शिजतंय याची त्यांना खबर असते.

"दोघंच?" दत्तराव म्हणाले. "बाबू, गल्लीत ऱ्हायचं हाय का न्हाई? आमच्या परमेश्वरच्या लग्नात तुमी जेवलाव, कडूबाईच्या नातवाच्या नावठेवणीला जेवलाव. आन आता बायकोचा कार्यक्रम, तर दोघंच जाऊन खाणार? लोक म्हणतील घरातला गॅस संपला."

"कार्यक्रम कुटं हाय? जेवायला जायलोय नुसतं."

"निवृत्तीचं जेवण म्हंजे कार्यक्रमच की!"

पुण्याहून नीलमचा, म्हणजे लेकीचा, फोन आला. तीही म्हणाली, "बाबा, आईसाठी एवढं करायलाव तर चार मानसं बोलवा. आईला बरं वाटंल." झालं. बाबूंनी दुरुस्ती अर्ज केला. गल्लीत नऊ घरं, घरटी एक माणूस, म्हणजे नऊ. अंगणवाडीच्या सेविकाबाई धरून दहा. आपण दोघं मिळून बारा. अक्षरी बारा. खिडकीचं टेबल मात्र पंचफुलाबाईंचंच, आणि कलमंही तीच.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे आवतन दोन तऱ्हांचं असतं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. पाळण्यातल्या लेकरापासून काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळ्यांनी यायचं, आणि घरात पाव्हणा असेल तर त्यानेही. कुठलं आवतन ते दारात उभं राहून तोंडाने सांगायचं असतं. तिथे अर्ज चालत नाही, आणि बाबूंचं नेमकं तिथेच घोडं अडलं.

पहिलं दार कडूबाईचं. कडूबाई ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. मागे दोन सुना, आणि सुनांच्या मागे पाच नातवंडं. बाबूंनी आवतन सांगितलं. कडूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"घरटी एक का चूलबंद?"

सुनांचे हात थांबले. नातवंडांनी माना वर केल्या. बाबूंना तीन शब्द बोलायचे होते, 'घरटी एक, बाई', आणि ते घरून पाठ करून आले होते.

"न्हाई, आपलं इचारलं," कडूबाई म्हणाल्या. "घरटी एक असलं तरी चाललं की. समद्यांना कुटं झेपतंय? तुमचं तरी पेन्शन हाय म्हना."

"चूलबंद!" बाबू म्हणाले.

शब्द तोंडातून सुटला तसा बाबूंनाच घाम फुटला. पण बोललेला शब्द रद्द करायचा फॉर्म नसतो. दुसऱ्या दारात पोचायच्या आत बातमी तिथे पोचलेली होती. "चूलबंदच ना, बाबू?" असं हसून विचारलं की माणूस काय करणार? तिसऱ्या दारात, चौथ्या दारात, नऊच्या नऊ दारांत बाबू चूलबंद म्हणत गेले, आणि नवव्या दाराशी तर त्यांच्या आवाजात थोडा रुबाबही आला होता, हे नमूद करायला पाहिजे. दत्तरावांनी तेवढ्यात पालम गावी फोन लावला. त्यांची बहीण सुलाबाई चार लेकरं घेऊन शनिवारच्या एसटीने हजर झाली. पाव्हणी म्हणजे तीही हिशेबात.

घरी जाऊन बाबूंनी बोटांवर मोजलं. चोपन्न. पुन्हा मोजलं. छपन्न. तिसऱ्यांदा मोजायचं धाडस त्यांना झालं नाही.

प्रीतमला सांगायला ते तीनदा गेले. पहिल्यांदा हॉटेलात गर्दी होती. दुसऱ्यांदा प्रीतमनेच अर्ज काढून दाखवला आणि दैवशालाला म्हणाला, "बघ, असं गिऱ्हाईक पाहिजे. बारा म्हंजे बारा." तिसऱ्यांदा बाबूंनी सगळं धैर्य एकवटून घसा खाकरला आणि म्हणाले, "एकदोन वर-खाली हुतील बरं का." एवढं बोलून ते घाईघाईने घरी आले.

घरी पंचफुलाबाई आकाशी रंगाची साडी इस्त्री करत होत्या. इस्त्री करता करता म्हणाल्या, "आवो, तिथं काय मागायचं असतं?"

"तुला वाटंल ते."

"तेच तर कळंना. दोन दिस झाले इचार करायलेय." आणि त्या लाजून हसल्या. असं हसलेलं बाबूंनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं आत्ताच सगळं सांगून टाकावं. पण ते ओट्यावर जाऊन पेपर वाचत बसले. कालचाच होता.

रविवारी गल्लीत एकही चूल पेटली नाही. चहासुद्धा नाही. दत्तरावांनी सकाळी बायकोकडे घोटभर मागितला तर ती म्हणाली, "चूलबंद म्हंजे चूलबंद." अकरा वाजता कडूबाई पाण्याने भरलेला तांब्या घेऊन निघाल्या, मागून सुना, नातवंडं, आणि त्यांच्यामागे अख्खी गल्ली. प्रीतमने शटर वर केलं आणि समोरचा जमाव बघून तो दचकला.

"काका, कशाचा मोर्चा हाय हा?"

"जेवायला आलेत," बाबू म्हणाले.

प्रीतम आत गेला आणि अर्जाची प्रत घेऊन बाहेर आला. "बारा लिवलंय, काका. अक्षरी बारा. बदल ग्राह्य धरला जाणार न्हाई, हेबी तुमीच लिवलंय."

स्वतःच्या हस्ताक्षरातलं कलम भर रस्त्यात, छपन्न माणसांसमोर वाचलं जाताना ऐकणं ही काय शिक्षा असते ते सिद्धोधनबाबूंना विचारा. दत्तराव मागून म्हणाले, "मी म्हणलोच हुतो, कार्यक्रम हाय ह्यो." बाबूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पंचफुलाबाईंनी जमावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.  प्रीतमने त्यांना ओळखलं होतं. चार वर्षांचा असताना त्याने त्यांच्याच हातची खिचडी खाल्ली होती. तो म्हणाला, "मावशी, तुमी या, बसा. तुमचं टेबल राखून ठेवलंय." आणि त्याने त्यांना खिडकीशी नेऊन बसवलं.

खुर्च्या चोवीस. पहिली पंगत बसली. आता पंगतीत कुणी कुणाला काय खाणार म्हणून विचारत नसतं, सगळ्यांना सारखं वाढायचं असतं. प्रीतम वही घेऊन फिरायला लागला तर दत्तराव म्हणाले, "समद्यांना जे वाढशील तेच मला." कडूबाई म्हणाल्या, "आमाला काय इचारतूस बाबा, जे हाय ते आण." बारा माणसांचं पीठ चोवीस ताटल्यांत गेलं. पहिली ताटली आली तेव्हा कुणी हात लावला नाही, कारण शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत सुरू करायचं नसतं. सगळे हात मांडीवर ठेवून शांत बसले. शेवटच्या ताटलीपर्यंत पहिला पास्ता थंड होऊन गेला. सेविकाबाईंनी 'करा सुरू' म्हटल्यावर पंगत जेवायला लागली. सुलाबाई म्हणाली, "ह्या तर आपल्या शेवया की. गूळ कुटं हाय?" कडूबाईंनी पिशवीतून ठेच्याची डबी काढली आणि ती शांतपणे टेबलाटेबलावरून फिरली.

या गोंधळातही प्रीतमला विशेष सूचना आठवली, हे त्याचं मोठेपण. तो खिडकीशी गेला, वाकला आणि म्हणाला, "मावशी, तुमी काय घेणार?"

बाबू दारात उभे होते. त्यांनी श्वास रोखला. पंचफुलाबाईंनी पदर सारखा केला, मेनूच्या कार्डाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. आणि त्यांची नजर काचेकडे गेली. पलीकडे दुसऱ्या पंगतीची लेकरं काचेला नाकं टेकवून उभी होती. त्यातलं सर्वांत धाकटं रडायला लागलं.

पंचफुलाबाई उठल्या.

"आगं, तू बस," बाबू धावले. "आजच्या दिवस बस की गं."

"लेकरं उपाशी हाईत. बाजूला व्हा."

एकतीस वर्षांची सवय बाबूंच्या बाजूने सरकून बाहेर गेली. पाच मिनिटांत भिंतीकडेने सतरंजी पडली, लेकरांचे हात धुऊन झाले, मांड्या घालून रांग बसली. पंचफुलाबाई स्वयंपाकघरात शिरल्या. पास्ता संपला होता. दैवशाला मोकळ्या परातीकडे बघत उभी होती.

"पीठ हाय का?"

"पिझ्झाचं मैद्याचं हाय. पर मावशी, त्याचा पास्ता जमायचा न्हाई."

"पास्ता कशाला? ते लाल कालवण कशाचं हाय?"

"टमाट्याचं. लसूण आन तिकडचा पाला घातलेला."

पंचफुलाबाईंनी चाखून पाहिलं, त्यात दैवशालाने घरच्यांसाठी शिजवून ठेवलेली डाळ आणि तिखट घालायला लावलं, आणि बाह्या सरसावून पोळ्या लाटून त्यांचे तुकडे उकळीत सोडायला सुरुवात केली. आमच्याकडे याला वरणफळं म्हणतात. दैवशाला वरून चीज किसत होती. पहिलं पातेलं सतरंजीवर गेलं आणि रिकामं परत आलं. मग पहिल्या पंगतीतलेही पुन्हा बसले.

वाढायला माणूस नव्हता. बाबूंनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि पळी हातात घेतली. जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. कुणाच्या ताटात रस्सा जास्त, कुणाच्या ताटात नुसते तुकडे, आणि एक पळी सुलाबाईच्या चपलेवर. पण ते वाढत राहिले. दरवेळी पातेलं भरून घ्यायला आत गेले की चुलीपुढे घामाघूम झालेली आकाशी साडी दिसायची. प्रत्येक खेपेला त्यांना वाटायचं, आपल्या एका शब्दाने हे केलं. प्रीतमने नाही, दत्तरावाने नाही. आपल्याला कडूबाईपुढे लहान व्हायचं नव्हतं, बास, एवढ्यासाठी.

तीन वाजता गल्ली तृप्त होऊन निघाली. जाताना प्रत्येकाने बाबूंचे हात हातात घेतले. "लय झ्याक जेवण झालं, बाबू." "पंचफुलाबाईच्या हाताला तोड न्हाई." कडूबाई तांब्या काखोटीला मारून म्हणाल्या, "ह्याला म्हंत्यात चूलबंद." बाबू सगळ्यांना 'हो, हो' म्हणत राहिले. असं कौतुक त्यांच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं, आणि आज ते त्यांना गिळवत नव्हतं.

हॉटेल रिकामं झालं. बाबू आत गेले. पंचफुलाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. डाव्या हातात पातेलं, उजव्या हाताने तळाचं खरवडून खात होत्या. घरी रोज खातात तशाच, उभ्याउभ्या, कुणाचं लक्ष नसताना. हे दृश्य बाबूंनी हजारदा पाहिलं असेल. आज पहिल्यांदा ते त्यांना दिसलं.

त्यांनी पातेलं पंचफुलाबाईंच्या हातून काढून घेतलं.

"आवो, हे काय?"

बाबूंनी उरलेली खरवड तोंडात टाकली. थंड होती, खालून करपलेली होती, आणि मीठ सगळं तळाशी बसलं होतं. घास गिळता गिळता त्यांना लाज वाटली. अडतीस वर्षं ही बाई हे खात आली आणि आपण पुढच्या खोलीत ढेकर देत बसलो.

"थंड लागलं का?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"हां."

"लागती सवय."

त्यांनी ते सहज म्हटलं, टोमणा म्हणून नाही.  बाबूंनी बायकोचा हात धरला आणि तिला खिडकीच्या टेबलाशी आणलं. खुर्ची ओढून दिली. टेबलक्लॉथवर लेकरांनी सांडलेलं टॉवेलाने पुसून घेतलं. मग प्रीतमकडून वही आणि पेन मागून घेतलं.

स्वयंपाकघराच्या दारात दैवशाला उभी होती. बाबूंच्या हातातली वही तिने पाहिली आणि परातीत नवं पीठ काढलं. एका माणसाचं.

बाबू टेबलाशेजारी वाकून उभे राहिले. प्रीतम उभा राहतो तसं उभं राहायचा त्यांचा प्रयत्न होता, पण गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून टेबलाला हात टेकला.

"काय घेणार तुमी?"

बायकोला 'तुमी' ते उभ्या जन्मात म्हणाले नव्हते. हॉटेलात असं विचारतात म्हणून तोंडातून गेलं असेल. पंचफुलाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या केसांत पीठ होतं.

"काय उरलंय?"

"उरलेलं संपलं. काय खाणार ते इचारायलोय."

त्यांनी कार्ड उघडलं. बंद केलं. काचेबाहेर पाहिलं, तिथे आता कुणीच नव्हतं. पदराने डोळे टिपले, आणि टिपता टिपता हसू आलं म्हणून पदर तोंडाशी धरला. आत भट्टी धुमसत होती. प्रीतम, दैवशाला, बाबू, तिघंही थांबले होते. कुणालाही घाई नव्हती.

"आणखी एकदा इचारा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

बाबूंनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला, वही समोर धरली आणि पुन्हा विचारलं.